थंड घोडी

१३ नोव्हेंबर, बुधवार

लग्नाच्या सीझनचा पहिला वरघोडा, नवरदेवाची घोडीवरची वरात, आज निघाला आणि घरातलं पहिलं भांडणही आजच झालं. आमच्या घोडीच्या, चंचलच्या, गळ्यातल्या पितळी घंट्या काळ्या पडल्या होत्या. मी मयुरीला एवढंच म्हटलं, की ज्या घरात घोडी लक्ष्मी आहे त्या घरच्या सुनेला हे दिसायला हवं. तर म्हणते कशी, "मम्मी, घंट्या चमकल्या की घोडी जास्त नाचते का? मग मलाही बांधा एक."

धुडकू पायरीवर तंबाखू मळत बसला होता, तो फिस्सकन हसला. नोकरासमोर सासूला असं बोलायचं! भुसावळच्या कॉन्व्हेंटात आम्ही सिस्टर फिलोमिनांसमोर शिंक आली तरी आधी परवानगीसाठी बघायचो. त्या म्हणायच्या, चांगली मुलगी खोलीत आहे हे कळतसुद्धा नाही. मयुरी खोलीत आहे हे पार पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत कळतं. त्यातून धुडकूशी ती अहिराणीत बोलते आणि दोघं खिदळतात. मी या घरात आयुष्यभर शुद्ध मराठी ठेवली. आमच्या यांनीही माझ्यासाठी बोली सोडली होती.

चंचल मात्र नेहमीसारखीच पांढरीशुभ्र, पापण्यासुद्धा पांढऱ्या. हे तिला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून शिंगरू असताना घेऊन आले होते. टेम्पोत सुरतेपर्यंत तिचं तोंड ह्यांच्या खांद्यावर होतं. आता हे नाहीत, तो खांदा नाही, पण घोडी आहे. सकाळी तिच्या मानेला गाल लावला की मला माणसांची गरज वाटत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

योगराजने आज जेवताना सांगून टाकलं, "मम्मी, चंचल आता थकली. नाचवायला खाटेवर चढवताना दोनदा अडली. पार्टीवाले मोबाइलवर शूटिंग करतात, उद्या नेटवर आपली अब्रू जाईल. सारंगखेड्याला यंदा विकून टाकतो."

माझ्या हातातला घास खाली पडला. "तुझ्या वडिलांची घोडी आहे ती."

"पप्पांची होती म्हणून तिचं वय थांबतं का?"

मयुरी मध्येच म्हणाली, "तिला थोडी सुट्टी द्या ना. रोज संध्याकाळी डीजेच्या भिंतीसमोर उभी असते. मी शेजारी चालते, माझेच कान रात्रभर वाजतात."

मी म्हटलं, "तुला कुणी विचारलंय?" तिला सुट्टी घोडीसाठी हवी आहे की स्वतःसाठी, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. दुसरा लगाम धरणारा माणूस पळून गेल्यापासून ती साफा बांधून घोडीच्या डाव्या बाजूला चालते, लोकांना बाई लगाम धरते याचं कौतुक. त्या कौतुकाने ती अजूनच शेफारली आहे. दिवसा मार्केटात साड्यांच्या घड्या घालते आणि आल्यावर चेहरा असा, जणू साड्या आम्हीच विणल्या.

शेवटी ठरलं. जनावरांच्या डॉक्टर देसाईबाई वरातीच्या घोड्यांची रक्ततपासणी करत फिरताहेत, त्यांना चंचलही दाखवायची. त्यांनी ठीक म्हटलं तर घोडी राहील, नाहीतर बाजारात जाईल. योगराजने माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉ. देसाई ऐन चाळिशीतल्या, कापलेले केस, इथल्या अनाविल ब्राह्मणांचा तो फटकळपणा पुरेपूर. पण मी रक्त काढण्याचं काम रिंग रोडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये निवृत्तीपर्यंत केलं हे कळल्यावर त्यांनी सुई माझ्या हातात दिली. घोडीच्या मानेवरच्या खोबणीत अंगठा दाबला की शीर दोरीसारखी फुगते. चंचलने कातडीसुद्धा थरथरवली नाही. माझा हात अजून हलका आहे.

वरात निघायच्या आधी एक नळी, परतल्यावर लगेच एक, दुसऱ्या दिवशी एक. डॉक्टर म्हणाल्या, "शरीराला कष्ट पडले की रक्तात कॉर्टिसॉल चढतं. त्यानेच साखर मिळते, दम टिकतो. काम संपलं की उतरतं. कुठल्या घोडीचं किती चढतं आणि उतरतं की नाही, ते मला बघायचंय." मला सिस्टर फिलोमिनांचा जीवशास्त्राचा तास आठवला. काळ्या फळ्यावर मूत्रपिंडं आणि त्यांच्यावर टोपीसारख्या ग्रंथी, इतक्या सुंदर, की पुसायला जीव होईना. भीतीचा आणि धावपळीचा रस तिथून येतो, त्या म्हणायच्या. ज्याच्या मनात भीती नाही त्याचं रक्त शांत असतं.

जाताना डॉक्टर मयुरीकडे बघत म्हणाल्या, "आ छोकरी जमे छे के नहीं?"

मी म्हटलं, जेवते की! आमच्या घरात भाकरीला तोटा नाही. काय अगोचर बाई!

३० नोव्हेंबर, शनिवार

आज घर डोक्यावर घेतलं तिने. धाकट्या बहिणीचं, सोनालीचं, लग्न अमळनेरला. हळदीपासून जायचं म्हणते, म्हणजे चांगला आठवडा. त्याच आठवड्यात आमचे रोज वरघोडे लागलेत. मी म्हटलं, लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीने जा आणि दुसऱ्या दिवशी ये.

"मम्मी, सोनालीला मी मांडीवर खेळवलंय. तिच्या हळदीला मी नको?"

"आणि इथे लगाम कोण धरणार? मी?"

"तुम्ही धरा ना! एक दिवस धरून तर बघा! त्या नोटा गोळा करणाऱ्या दारुड्यांचे धक्के खाऊन बघा, पायाला आलेले फोड बघा!"

पाय पुढे केला तिने. माझ्यासमोर! मी बघितलं नाही. मीही सून होते. मी लॅबमधून आल्यावर सासूबाईंचं अंग रगडायची, फोड दाखवत बसले नव्हते. योगराज मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. मी सांगितलं, "या घरात राहायचं असेल तर घराच्या सीझनप्रमाणे राहायचं."

तिने पाय मागे घेतला. मग म्हणाली, "हो, मम्मी." आणि घंट्या घासायला घेतल्या.

शेवटी मी जिंकले, असं लिहायला हरकत नाही. पण जिंकल्यासारखं वाटत नाहीये. पित्त झालं असावं.

८ डिसेंबर, रविवार

लग्नाच्या दिवशी मयुरी गेलीच नाही. मी जा म्हटलं होतं, तिनेच नको म्हटलं. आता तमाशा करील अशी माझी तयारी होती, पण काही नाही. किती वर्षांनी घरात अशी शांतता आहे. वरणात मीठ नव्हतं, मी सांगितलं. "हो, मम्मी." चहा चारला लागतो, सव्वाचारला नाही. "हो, मम्मी." शिस्तीला वेळ लागतो, पण लागते.

११ डिसेंबर, बुधवार

डॉ. देसाईंचा फोन! बाकी सगळ्या घोड्यांचं कॉर्टिसॉल वरातीनंतर चढलं, काहींचं दुप्पट झालं. चंचलचं जवळजवळ हललंच नाही. फटाके, डीजे, पाठीवर नव्वद किलोचा नवरदेव, आणि माझ्या पोरीचं रक्त तळ्यासारखं शांत! या धंद्यात थंड घोडीच मागतात सगळे. नवरदेवाची आई आधी हेच विचारते, घोडी थंड आहे ना? आता ते रक्तातूनच सिद्ध झालं.

डॉक्टर पुढेही काहीतरी सांगत होत्या, मला हे बरं वाटत नाही, पुन्हा तपासू, तोवर काम बंद ठेवा. डॉक्टर लोकांना पुन्हा बघायचंच असतं. लॅबमध्ये जन्म गेला माझा, मला ठाऊक आहे. मी योगराजला लगेच सांगितलं, "तपासणी झाली. सगळ्यांपेक्षा शांत घोडी आहे आपली. बाजाराचं नाव काढायचं नाही."

तो चकित झाला. "म्हणजे अजून खेचेल?"

"खेचेल."

मयुरी पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. मला वाटलं काही बोलेल. तिने पुढची पोळी घेतली.

धुडकूला सांगितलं तर तो म्हणाला, "वैनी, आते हाई घोडी देवमाणूस व्हई गयी." त्याला गूळ दिला.

१९ डिसेंबर, गुरुवार

कमुरता लागली, म्हणजे महिनाभर लग्नं नाहीत. दर वर्षी या दिवसांत चंचल मागच्या प्लॉटवर मोकळी असते. यंदा योगराजने डुमसच्या किनाऱ्यावर लग्नाआधीच्या फोटोंसाठी तिला लावलंय. जोडपी येतात, समुद्राकडे तोंड करून घोडीला पळवायला सांगतात, पुन्हा पळवा म्हणतात, पुन्हा. ओल्या वाळूत खूर रुततात. मयुरी लगाम धरून सोबत पळते, दुसरं कोण आहे? मी एकदा गेले होते पोंक, म्हणजे आपला हुरडा, खायला, गाडीतच बसले. लांबून दोघी छान दिसत होत्या, एकीने मान खाली घातलेली, दुसरीनेही.

डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. त्यांच्या बोलण्याने योगराजचं मन फिरेल आणि घोडी जाईल.

१६ जानेवारी, गुरुवार

उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत, संपलं आणि सीझन पुन्हा लागला. घोडी थंड आहे हे मीच सांगितल्यामुळे योगराजने एका संध्याकाळी दोन वराती घेतल्यात. आधी कापोद्रा, मग सुरतेतलंच पुणा गाव. मी म्हटलं जरा जास्त होतंय. तो म्हणाला, "तूच म्हणालीस ना खेचेल?" 

२४ जानेवारी, शुक्रवार

चंचल पूर्वी माझ्या पदराच्या गाठीतला गूळ हिसकून घ्यायची. धुडकूला तर महिन्यातून एकदा चावायचीच, ह्यांना त्याचं फार हसू यायचं. हल्ली गूळ तोंडाशी धरला तरी बघत राहते, मग सावकाश घेते. केस भुरे पडलेत. वय आलं की शहाणपण येतं.

मयुरीचंही तसंच. आज तिच्या हातून माझा कॉन्व्हेंटचा कप फुटला, जाळीदार फुलांचा, मॅट्रिकला मिळालेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तोंडाला येईल ते बोलले. तिच्या आईलाही बोलले. पूर्वी आईचा उद्धार केला असता तर तिने मला सोडलं नसतं. आज तुकडे वेचत राहिली. बोट कापलं, तेही तिला कळलं नाही, फरशीवर थेंब पडले तेव्हा मीच ओरडले.

सिस्टर फिलोमिना असत्या तर हिला वर्तणुकीचं पदक मिळालं असतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल वसंतपंचमी. 

दुसरी वरात पर्वत पाटियाच्या चौकात होती. नवरदेवाच्या मामाच्या आग्रहाने मीही गेले होते, घोडीची मालकीण म्हणून. खाट मांडली. ढोलवाल्यांनी घेरलं. धुडकूने इशारा केला, चंचलने पुढचे पाय खाटेवर ठेवले आणि तशीच थांबली. ढोल वाढला. मामा ओरडला, "नचाव ने, एला!" धुडकूने चाबूक वाजवला. पहिल्यांदा हवेत, मग अंगावर. तिने कान हलवला नाही, डोळाही मिटला नाही. मग भिंत खचावी तशी गुडघ्यांवर गेली आणि कुशीवर पडली. नवरदेव साफ्यासकट वऱ्हाडी लोकांच्या अंगावर. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण काय त्या शिव्या! घाटी म्हणाले, चोर म्हणाले. कुणीतरी माझ्या खांद्याला धक्का दिला. योगराज हात जोडत फिरत होता. घोडीच्या अंगावर अजून दिव्यांची माळ लुकलुकत होती.

मयुरी रस्त्यावर बसली होती. चंचलचं डोकं मांडीवर घेऊन, तोंडाशी तोंड नेऊन म्हणत होती, "ऊठ वं माय. नको उठू. ऊठ वं माय. नको उठू." लोक हसत होते. मी तिथे पोहोचले तर तिने हाताने मला थांबवलं. माझ्या घोडीपासून मला!

डॉ. देसाई रात्रीच आल्या. सलाइन लावलं, घोडी पहाटे उभी राहिली. आज सकाळी त्यांनी मला अंगणात उभं केलं आणि झापलं. फोन का नाही उचलला?

मी म्हटलं, "पण रक्त तर शांत होतं."

"शांत नव्हतं, मासी! चांगल्या जनावराला कष्ट पडले की शरीर ओरडतं, कॉर्टिसॉल चढतं, मग आराम मिळाला की उतरतं. ते चढणं म्हणजे तब्येत. फार दिवस पिळून काढलं की मेंदू हाक मारायचं सोडतो. हाकच नाही, तर रक्तात काय चढणार? एका तपासणीवर मी शपथ घेणार नाही, म्हणून तर पुन्हा बघू म्हणत होते. तुम्हाला वाटलं घोडी थंड आहे. ती विझत होती."

 मयुरी चरवी घेऊन शेजारी उभी होती. ती खाली बघत होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

योगराज म्हणतो सारंगखेड्याचा बाजार होऊन गेला, पण दलाल आहेत, पडलेली घोडीही घेतात. कशाला घेतात ते मला विचारायची हिंमत झाली नाही. मी त्याला सांगितलं, दलाल फाटकात आला तर मी फाटकात झोपेन. तो म्हणाला, "तूच सांगितलंस खेचेल म्हणून. तू!" मुलगा आईला असं बोलतो, तेही अंगणात. मी पाणी पिऊन खोलीत आले.

डॉक्टरांनी सांगितलंय, काम बंद, गोंगाट बंद, मोकळं रान, कितीही महिने लागोत. सुरतेत मोकळं रान कुठून आणू? मागच्या प्लॉटवर बिल्डरने खांब रोवलेत.

तेव्हा मयुरी म्हणाली, "बाबांचं शेत आहे अमळनेरला. नदीकडे. मी घेऊन जाते तिला."

एवढं मोठं वाक्य तिने कित्येक दिवसांत उच्चारलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

टेम्पो गेला. चंचल निमूट चढली. डॉ. देसाई मुद्दाम आल्या होत्या, मयुरीला औषधं समजावत होत्या. निघताना म्हणाल्या, "सांभळ, नीट ऐक, ज्या दिवशी ही कुणाला चावेल, लाथ घालेल, त्या दिवशी मला फोन कर. पेढे खाऊ घालेन. तोवर गरीब गाय आहे म्हणून खूश व्हायचं नाही."

मी गुळाची ढेप दिली, घंट्याही देत होते. मयुरी म्हणाली, "घंट्या राहू द्या, मम्मी."

तिने दोन्ही बॅगा का नेल्या ते कळलं नाही. उन्हाळ्याचे कपडेही होते, लग्नातला शालूही. शिलाई मशीनचं डोकंसुद्धा काढून नेलं. शेतावर काय शिवणार आहे? योगराज फाटकाशी उभा होता. ती टेम्पोत मागे, घोडीजवळ बसली, पुढे नाही. घोडीचं तोंड तिच्या खांद्यावर आलं आणि टेम्पो वळला.

२३ फेब्रुवारी, रविवार

योगराज जेवायला घरी येत नाही. धुडकू दुसरीकडे कामाला लागला. चहा चारला मीच करते. घरात इतकी शांतता आहे, की घड्याळाचा राग येतो.

१६ मार्च, रविवार

दगाभाऊंचा, मयुरीच्या वडिलांचा, फोन. घोडी चरते, लोळते. मयुरी झोपते म्हणाले. "निस्ती झोपस. उठाडं ते परत झोपस." मी म्हटलं, घोडीकडे लक्ष कोण देतं मग? ते म्हणाले, "वैनी, घोडीनी चिंता करू नका."

कपाटात मयुरीचा वरातीचा साफा सापडला. आतल्या बाजूला घामाचे पांढरे नकाशे. धुवायला टाकला, मग परत काढून ठेवला.

१३ एप्रिल, रविवार

संध्याकाळी मयुरीनेच फोन केला. आवाज मोठा, मागे कुत्री भुंकत होती, माहेरी आलेली सोनाली हसत होती.

"मम्मी, चंचलने बाबांना लाथ घातली! मांडीवर! खरारा करत होते, तिला नको होता. कान मागे टाकले आणि दिली ठेवून!"

मी देवापाशी जाऊन घंटा वाजवली, फोन हातात तसाच. दगाभाऊंना लागलं का हे विचारायचंसुद्धा राहिलं. मग म्हटलं, "वा! म्हणजे घोडी झाली बरी. आता तू कधी येतेस? पुढच्या सीझनच्या आधी घर लावायला हवं. आणि चहाचा नवा सेट आणलाय, तो जपून—"

"मी येत नाही, मम्मी."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. सोनालीच्या हळदीला मी तुमच्या घंट्या घासत होते. पायाचे फोड दाखवले तर तुम्ही तोंड फिरवलंत. माझ्या आईला शिव्या दिल्यात एका कपासाठी. जेवलीस का असं मला त्या घरात एका परक्या डॉक्टरणीने विचारलं, तुम्ही नाही! तुमच्या पोराला बायको हवी असेल तर त्याने इथे यावं, बाबांच्या अंगणात बसावं, आणि मी हो म्हटलं तर पाणी मिळेल त्याला!"

ओरडत होती. सासूशी. सगळं शेत ऐकत असणार. शुद्ध मराठी तर केव्हाच सुटली होती, मधली निम्मी अहिराणी मला कळलीही नाही. कॉन्व्हेंटात एवढ्या आवाजाला दिवसभर व्हरांड्यात उभं केलं असतं. माझं तोंड तापलं. फोन ठेवायला हवा होता, बोट त्या लाल बटणावर गेलंही होतं.

ती श्वास घ्यायला थांबली. मला तो श्वास ऐकू आला, पूर्ण, पोटातून आलेला.

"अजून?" मी विचारलं.

 मग ती पुन्हा सुरू झाली, आणि मी स्टूल ओढून बसले.